प्रणिताताईला खेळायचं होतं

दुपारचा अर्थशास्त्राचा तास चालू होता आणि नाझिया आमच्या वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली. ती माझ्या वर्गात नाही, एक वर्ष पुढे आहे. कॉलेजच्या नेटबॉल संघात ती गोल करायची आणि प्रणिताताई गोल अडवायची, म्हणून आमची ओळख. तिने सरांना काही विचारलं नाही, नुसतं माझ्याकडे पाहिलं. तिच्या ओढणीला कसलातरी पिवळा डाग पडला होता. मी बाहेर गेले तर तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "चल गो, दवाखान्यात चल." मी विचारलं, कोणाला काय झालं? ती जिना उतरत होती, मागे वळून म्हणाली, "अब्बांची गाडी दारात उभी हाय. मुंबईला न्यायचं होतं प्रणिताला... आता नाय न्यायचं." जिना संपेपर्यंत मला तिच्या बोलण्याचा अर्थ लागला नाही. लागला तेव्हा मी तिथेच खालच्या पायरीवर बसले. ताई आजारी आहे हेसुद्धा मला माहीत नव्हतं. दहा-बारा दिवसांपूर्वीच मी तिला गुडघाभर चिखलात उभी पाहून आले होते, आणि ती मला हसत होती, कारण मला रोप सरळ रेषेत लावता येत नव्हतं.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. वर्तमानपत्राच्या पुरवणीत लिहावं असं कॉलेजच्या क्रीडाशिक्षिका मॅडमनी सुचवलं. मी याआधी असं कधी लिहिलेलं नाही. आमच्या घरात कॉलेजपर्यंत आलेली मीच पहिली, आणि मलाही कॉलेजात आणून सोडलं ते प्रणिताताईनेच. ती माझी सख्खी बहीण नव्हे. आम्ही एका भावकीतल्या, घरं एकमेकांना लागून. कुडपणच्या पठाराच्या अलीकडे, डोंगराच्या पोटाला आमची वाडी आहे. पुरुषमाणसं बहुतेक मुंबईत, गावाने मिळून घेतलेल्या गावकीच्या खोलीत राहून नोकऱ्या करणारी. ताईचे वडीलही तिथेच, एका कँटीनमध्ये. वाडीत वर्षभर असतात त्या बायका, म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं.

ताई उंच होती. इतकी की दहावीत असतानाच तिला दारातून वाकून जावं लागायचं. वाडीतल्या बायका तिच्या आईला, म्हणजे काकीला, म्हणायच्या, "हिला नवरा बघायचा म्हंजे शिडी घेऊन जायला पायजे." ताईला ते लागायचं. ती चालताना खांदे पाडून चालायची. महाडला कॉलेजात गेली तेव्हा पहिल्याच आठवड्यात मॅडमनी तिला मैदानात बोलावून विचारलं, हात वर कर बघू. तिने केला. मॅडम म्हणाल्या, उद्यापासून सकाळी यायचं. नेटबॉल हे नाव तिने तोवर ऐकलंही नव्हतं, आणि वाचकांपैकीही बऱ्याच जणांनी हा खेळ पाहिला नसेल. बास्केटबॉलसारखाच उंच खांब आणि रिंग, पण मागे फळी नाही. चेंडू हातात आला की पाऊल टाकत पळायचं नाही, आपटत न्यायचा नाही. तीन सेकंदांच्या आत दुसरीकडे द्यायचा. प्रत्येकीची हद्द ठरलेली, ती ओलांडायची नाही. आणि गोल टाकणारीला अडवायचं ते तीन फूट लांब राहून, अंगाला हात न लावता, फक्त हात उंच धरून. ताई म्हणायची, "जगात एक तरी खेळ हाय गो, ज्यात मला वाकावं लागत नाय."

सुट्टीत ती गावी यायची तेव्हाही सराव चुकवायची नाही. वाडीत सपाट जागा एकच, देवळापुढची. काकांनी, म्हणजे ताईच्या वडिलांनी, मे महिन्यात येऊन चिव्याच्या बांबूचा लांब वासा रोवून दिला आणि पत्र्याच्या पिंपाचं कडं कापून वर ठोकलं. गावकीने परवानगी दिली ती एका अटीवर. शिमग्याला पालखी नाचते तेव्हा वासा उपटायचा, पालखी देवळात गेली की पुन्हा रोवायचा. दर वर्षी ताई तो स्वतः उपटायची आणि स्वतः रोवायची. त्या जागेच्या एका अंगाला उतार आहे, चेंडू हातातून सुटला की थेट खालच्या ओढ्यात. मग अर्धा तास उतरायचं नि अर्धा तास चढायचं. मी तिच्याकडे चेंडू फेकायची आणि तो कुठेही जायचा. तरी तिने क्वचितच एखादा खाली जाऊ दिला असेल. पुढे मोठ्या शिबिरात तिला कोणीतरी विचारलं म्हणे, तुझा चेंडूवरचा हात इतका पक्का कसा? तिने सांगितलं, आमच्याकडे सुटला की जेवायला उशीर होतो.

महाडला आम्ही दोघी एका खोलीत राहायचो. ती पदवी संपवून एका दुकानात हिशेब बघायची आणि सकाळ-संध्याकाळ मैदानावर असायची. मी नुकतीच अकरावीला आले होते. शहरात मला सगळ्याची भीती वाटायची. बँकेत जाण्याची, वर्गात प्रश्न विचारण्याची. ताई म्हणायची, "विचारायचं गो. फार तर काय, हसतील." मैदानावरून आली की ती जमिनीवर उताणी पडून पाय भिंतीला लावून ठेवायची. तिच्या पोटऱ्या इतक्या दुखायच्या की हात लावू द्यायची नाही. मग थोड्या वेळाने म्हणायची, लाव तेल. मी खोबरेल गरम करून चोळून द्यायची. खेळणाऱ्याच्या पोटऱ्या दुखायच्याच, असं ती सांगायची. नाही दुखल्या तर समजायचं आज आपण काम केलं नाही... हे मी एवढ्यासाठी लिहिते आहे की पुढे जे झालं त्यात याचाही हात आहे.

जिल्हा, राज्य, मग राष्ट्रीय शिबिर, असं करत गेल्या वर्षी ती भारतीय संघात निवडली गेली. आशियातल्या देशांची स्पर्धा होती. तिने विमानतळावरून फोन केला तेव्हा आवाज लहान मुलीसारखा येत होता. वाडीत बातमी पोहोचली, मुंबईला गावकीच्या खोलीत पोहोचली, सगळीकडे तिचे फोटो फिरले. निळ्या जर्सीत, हात मागे बांधून उभी. स्पर्धा संपून ती परत आली तेव्हा मी तिला घ्यायला महाडच्या एसटी स्टँडवर गेले होते. मी विचारलं, कसं झालं? ती म्हणाली, "बाकडं चांगलं होतं. गादीचं होतं." संघात बारा जणी असतात, मैदानात सात. तिच्या जागेवर खेळणारी पहिली मुलगी अनुभवी होती, चांगली होती. संपूर्ण स्पर्धेत ताईला एकदाही मैदानावर उतरवलं नाही. प्रत्येक सामन्याआधी ती सगळ्यांबरोबर अंग मोकळं करायची, राष्ट्रगीताला उभी राहायची आणि मग जाकीट घालून बसायची. तिने कोणाला दोष दिला नाही. ती म्हणाली, मीसुद्धा तिलाच उतरवलं असतं.

मे महिन्यात मुंबईकर गावी आले, देवळात पूजा झाली आणि त्यातच ताईचा सत्कार ठरला. देवळाच्या दारात मोठा बॅनर लागला होता. भारतीय संघातून खेळून गावाचं नाव मोठं केल्याबद्दल, असं काहीतरी त्यावर होतं. मुंबईच्या मंडळाचे अध्यक्ष बोलले, सरपंच बोलले, शाल घालायची वेळ आली. ताईने शाल घेण्याआधी माईक मागितला. लोकांना वाटलं आभार मानेल. ती म्हणाली, "मी खेळले नाय. एक मिनिट पण नाय. सगळे सामने मी बाकड्यावर बसून होते. बॅनरवर चुकीचं लिहिलंय, एवढंच सांगायचं होतं." माईकची शिटी वाजत राहिली. मग पुढे बसलेले तात्या, वाडीतले सगळ्यात म्हातारे, बसल्या जागेवरून म्हणाले, "अगो, बाकड्यावर बसवायला तरी कोण इमानातून नेतं? मला नेलं का कधी कोणी? मी पण बसलो असतो." सगळे हसले. ताईसुद्धा हसली. अध्यक्षांनी माईक घेऊन सांगितलं, बघा, किती नम्र मुलगी आहे, आणि टाळ्या वाजल्या. शाल तिच्या खांद्यावर आलीच. तिने खरं सांगितलं होतं आणि कोणीच ते ऐकायला तयार नव्हतं. प्रेमानेच, पण तयार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही पाण्याला गेलो होतो. हंडा भरत असताना ती अचानक म्हणाली, "मला एक क्वार्टर मिळायला पायजे." एक क्वार्टर म्हणजे पंधरा मिनिटं, सामन्याचा चौथा भाग. मी म्हटलं, मिळेल की. ती म्हणाली, "तू असं बोलू नको, तात्यासारखं. माझ्या अंगावर या लोकांची शाल हाय. एकदा मैदानात उभं राहिल्याशिवाय ती माझी होत नाय." तेव्हापासून तिचं सगळं जगणं त्या पंधरा मिनिटांकडे लागलं होतं. दुकानातून सुटली की मैदान. जेवण मोजकं. मामांनी एक स्थळ आणलं होतं, मुलगा पनवेलचा, उंच होता. तिने सांगितलं, पुढच्या स्पर्धेनंतर बघू. काकी तिच्यावर रागावली. पण बायकांमध्ये बसली की तीच सांगायची, आमच्या प्रणिताला देश बोलवतो, लग्न काय पळून जातंय.

जूनच्या अखेरीला शिबिराच्या मॅडमचा फोन आला. मागच्या वेळची ती अनुभवी मुलगी गुडघ्याच्या दुखण्याने येऊ शकणार नव्हती. मॅडम म्हणाल्या, यंदा ती जागा तुझी धरून चाललोय, तयारीत राहा. फोन ठेवल्यावर ताई खोलीत उगाच इकडून तिकडे फिरत राहिली. शिबिराला अजून थोडा अवकाश होता आणि गावी भाताची लावणी तोंडावर आली होती. काकीला एकटीला ते होण्यासारखं नव्हतं, आणि आमच्याकडे लावणीला माणूस विकत मिळत नाही, एकमेकांकडे जाऊनच ती उरकते. तू आमच्यात ये, मी तुमच्यात येते. ज्या घरचं माणूस कमी पडतं, त्या घराचं रोप मागे राहतं. ताई म्हणाली, आठवडाभर जाऊन येते. मीही दोन दिवसांसाठी तिच्याबरोबर गेले. नवीन बुटांनी तिची टाच सोलली होती. सालपट निघून आत लाल दिसत होतं. मी म्हटलं, त्या पायाने चिखलात उतरू नको. काकी म्हणाली, "चिखलाने थंड वाटंल उलट." आणि खरंच तिला थंड वाटलं, असं ती सांगत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या आशाताई बांधावरून आल्या. पावसाळ्यात शेतात उतरणाऱ्यांना लेप्टोची गोळी द्यायची म्हणून त्या वाडी-वाडी फिरतात. हा ताप उंदरांच्या मुतातून चिखलात येतो आणि पायाच्या जखमेतून अंगात जातो, हे आम्हाला शाळेपासून माहीत आहे. आम्ही सगळ्यांनी हात पुढे करून गोळ्या घेतल्या. ताईने घेतली नाही. शिबिरात सगळ्या मुलींना पुन्हा पुन्हा बजावलेलं होतं, विचारल्याशिवाय कुठलीही गोळी, कुठलंही औषध तोंडात टाकायचं नाही. उत्तेजक द्रव्यांच्या तपासणीत काही सापडलं तर कायमची बंदी येईल. तिच्याबरोबरच्या एका मुलीने सर्दीचं औषध घेतलं म्हणून तिला केवढं ऐकून घ्यावं लागलं होतं, ते ताईने पाहिलं होतं.

आशाताई म्हणाल्या, "अगो, सरकारी गोळी हाय. सरकारच देतंय, सरकारच पकडंल काय?"

ताई म्हणाली, "पकडतात तेच तर. शिबिराच्या मॅडमना विचारते, मग घेते. ठेवून जा."

"विसरशील."

"गोळी विसरेन, खेळ विसरेन काय?"

आशाताईंनी तिच्या नावची गोळी काकीच्या पदराला बांधून दिली आणि पुढच्या शेताकडे गेल्या. त्या संध्याकाळी ताई फोन घेऊन टेकाडावर गेली, जिथे आमच्याकडे रेंज येते. धुकं इतकं होतं की ती चार पावलांवर दिसेना. रेंज मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी मी महाडला निघाले तेव्हा ती शेतातूनच हात हलवत होती. तीच शेवटची भेट.

पुढचं मला काकीने सांगितलं, तुकड्यातुकड्यांनी. गोळी पदराच्या गाठीतच राहिली आणि लावणी संपता संपता ताईला ताप आला. भिजल्यामुळे असेल, असं सगळ्यांना वाटलं. पोटऱ्या फार दुखायला लागल्या. ती आईला म्हणाली, "सराव सुटला ना, म्हणून धरल्यात. तेल लाव." काकीने तेल लावलं. लेप्टोत पोटऱ्याच दुखतात, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. दुसऱ्या कोणाच्या पोटऱ्या अशा दुखल्या असत्या तर घरात विचार झाला असता. तिच्या तर रोजच दुखायच्या. डोळे लाल झाले तेव्हा चुलीच्या धुरावर गेलं. शेजारच्या बायका म्हणाल्या, एवढा मोठा फोटो देवळाच्या दारात लावला होता, दृष्ट लागली. मीठ-मिरची ओवाळली. पोलादपूरला दवाखान्यात जाऊ, असं काकी म्हणाली तर ताई नको म्हणाली. तिथे सुई टोचतील, गोळ्या देतील, आणि ताप आहे हे शिबिरात कळलं तर दुसरीला बोलावतील. "दोन दिवस पडून ऱ्हाते, उतरंल," असं ती म्हणत राहिली. लघवी बंद झाली तेव्हा काकी घाबरली. घाटात दरडीचा चिखल आला होता, तेवढा भाग वाडीतल्या माणसांनी तिला खुर्चीत बसवून उचलून पार केला. एवढी उंच मुलगी, खुर्चीत तिचे पाय मावत नव्हते... पोलादपूरहून महाडला पाठवलं. महाडच्या डॉक्टरांनी बघताक्षणी सांगितलं, मुंबईला न्या. नाझियाच्या अब्बांची गाडी दवाखान्याच्या दारात येऊन उभी राहिली आणि ताई गेली.

तेराव्याच्या आधीच एक दिवस तिचा फोन वाजला. तो माझ्याकडे होता. शिबिराच्या मॅडम होत्या, कोणत्या गाडीने येतेस म्हणून विचारत होत्या. मला जे सांगता आलं ते मी सांगितलं. मग मी ते विचारलं, जे विचारू नये असं सगळ्यांनी सांगितलं होतं. मॅडम, लेप्टोची गोळी चालते का? त्या म्हणाल्या, "चालते गं बाळ. अँटिबायोटिक आहे ते, त्याला कसली बंदी..." मी हे काकीला सांगितलेलं नाही. आशाताईंनी कुठूनतरी स्वतःच माहिती काढली असावी. त्या आता आमच्या घरावरून जाताना मान वर करत नाहीत. मी याचा दोष कोणावर टाकावा ते मला कळत नाही. जिने तिला गोळी दिली तिने बरोबर केलं. ज्यांनी विचारून घे म्हणून शिकवलं त्यांनीही बरोबर केलं. ताईने तर दोघांचंही ऐकलं होतं.

स्पर्धा ठरल्याप्रमाणे झाली. ती सुरू व्हायच्या आदल्या दिवशी काकी एकटी महाडला आली, आमच्या खोलीवर. याआधी ती तिथे कधी राहिली नव्हती. म्हणाली, "तो खेळ मला दाव." मोबाईलवर सामना थेट दिसतो हे तिला कोणीतरी सांगितलं होतं. नाझियाही आली. आम्ही तिघी भिंतीला टेकून बसलो, मोबाईल डब्यावर टेकवला. नाझिया हळू आवाजात समजावून सांगत होती, हा आपला संघ, ही गोल टाकणारी, ही अडवणारी. ताईच्या जागी एक हरियाणाची मुलगी खेळत होती. ती छान खेळत होती, हे मला लिहिलं पाहिजे. काकी चेंडूकडे बघतच नव्हती. थोड्या वेळाने म्हणाली, "बाकड्यावरच्या दावत नायत काय?" क्वार्टर संपल्यावर कॅमेरा एकदा बाकावरून गेला. निळ्या जाकिटातल्या मुली, पाण्याच्या बाटल्या, आणि कडेला एक बारीकशी मुलगी, दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसलेली. काकी पुढे सरकली. "ही बघ. कडेची. हिला कधी घेतील?" नाझिया म्हणाली, घेतील काकी, अजून वेळ आहे. सामना संपला. तिला घेतलं नाही. काकी म्हणाली, "नाय घेतली," आणि उठून भाकऱ्या थापायला बसली.

दुसऱ्या दिवशी ती गावी परतली. पण त्यानंतर प्रत्येक सामन्याच्या दिवशी संध्याकाळी तिचा फोन यायचा, टेकाडावरून. कोण जिंकलं ते तिने एकदाही विचारलं नाही. एकच विचारायची, "ती कडेची पोर खेळली काय गो?" मीही मग सामना तसाच बघायला लागले. चेंडू कुठे आहे याकडे माझं लक्षच नसायचं, बाक कधी दिसतो एवढंच बघायची. तिचं नाव मी शोधून काढलं, ते इथे लिहीत नाही. ती कुठल्या गावची, तिच्या घरी कोण आहे, काही माहीत नाही. एकदा तिने जाकीट काढलं, तेव्हा मी उठून उभी राहिले होते. तिने ते झटकून पुन्हा घातलं.

शेवटच्या सामन्यातही तिला उतरवलं नाही. संध्याकाळी फोन वाजला. मला खोटं सांगता आलं असतं. दोन मिनिटं खेळली म्हटलं असतं तर काकीला बरं वाटलं असतं, आणि तिला कोण सांगायला गेलं असतं? पण ताईने भर सत्कारात माईक मागून घेतला होता. मी म्हटलं, "नाही काकी. नाही खेळली."

टेकाडावरचा वारा फोनमध्ये फडफडत होता.

"जिती हाय ना गो ती?" काकी म्हणाली. "मंग खेळंल."

फोन तिने ठेवला नव्हता, म्हणून मीही ठेवला नाही.